गुलामाला जॅक म्हटलं म्हणून

"मॅडम, इंग्रजी जमतं हो, पण भारी शब्द ऐन वेळी तोंडातून निघतच नाहीत." ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर महिन्याला कुणीतरी हे सांगतं. बहुतेक मराठी माध्यमातले, कामात हुशार. म्हणून त्यातल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

ती कळव्याची, ऐरोलीत एका ऑफिसात अकाउंट्सला. कुणीतरी सुचवलं म्हणून तिने डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' आणली आणि अडलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवू लागली. चार महिन्यांत दोन वह्या भरल्या, कादंबरी मात्र सातव्या प्रकरणातच.

"रोज वीस शब्द झालेच पाहिजेत. नाहीतर झोप लागत नाही."

माझी घडण मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर झालेली. 'झालंच पाहिजे' हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं तो सांगे. बोलण्यातला 'च' मला आधी ऐकू येतो. पण लगेच काही म्हटलं नाही, वही मागितली. 'ट्रेंचंट : तीक्ष्ण, भेदक.' हा कुठे आला होता? तिला आठवेना. मग पुस्तक काढून तो उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. कादंबरीचा नायक पिप, त्याची बहीण पाव कापते, त्या पद्धतीला डिकन्सने हा शब्द लावलाय. ती पाव छातीशी घट्ट दाबून धरते, तिथे टोचून ठेवलेली टाचणी किंवा सुई कधी पावात जाते आणि मग खाणाऱ्याच्या तोंडात! वाचता वाचता ती हसली. "अगदी आमची मोठी काकू. भाकरीसुद्धा भांडल्यासारखी थापते." पाठांतराने चार महिन्यांत न बसलेला शब्द काकूच्या भाकरीने बसवला.

खरी गाठ सुटली आठव्या प्रकरणात. पत्ते खेळताना पिप गुलामाला 'जॅक' म्हणतो. प्रतिष्ठित घरांत तेव्हा त्याला 'नेव्ह' म्हणत. हा तर 'नेव्ह'ला जॅक म्हणतो, असं त्याच्याशी खेळणारी, श्रीमंत घरात वाढलेली एस्टेला तुच्छतेने म्हणते आणि त्याच्या खरखरीत हातांना, जाड बुटांना नावं ठेवते. पिपला आपल्या हातांची लाज वाटते ती आयुष्यात पहिल्यांदा. इथे तिचं वाचन थांबलं. मीही गप्प राहिले. अशा वेळी घाई न करणं मला अनुभवाने शिकवलंय.

"मी मीटिंगमध्ये डेटरला डेब्टर म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली. "सगळे हसले." डेटर म्हणजे ज्याच्याकडून पैसे येणं आहे तो. स्पेलिंगमध्ये 'बी' असतो, पण उच्चारत नाहीत.

पहिली वही त्याच रात्री सुरू झाली होती. पुन्हा कुणी हसू नये म्हणून शब्दांची तटबंदी चालली होती. बोलायचं काय, हा प्रश्न तिच्यापर्यंत आलाच नव्हता.

मी कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला आणि बदामचा गुलाम तिच्या हातात दिला. कोपऱ्यात 'जे'. एस्टेलाने ज्याला नावं ठेवली, तोच शब्द आज पानावर छापतात. ती ते पान उलटसुलट करत बराच वेळ बसली होती.

असं ओझं वाहणाऱ्यांना माझं सांगणं: एका बैठकीला एकच प्रसंग वाचा, तोही मोठ्याने. ही कादंबरी 1860-61 मध्ये साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली, तिच्या पहिल्या वाचकांनाही आठवडाभर थांबावं लागे. अडलेल्या शब्दांतले दोनच निवडा, या आठवड्यात खरोखर वापराल असे. जुने, आता कुणी न बोलणारे शब्द नुसते समजून घेऊन सोडा. निवडलेल्या शब्दाचं वाक्य आपल्या घरातलं, ऑफिसातलं करा आणि कुणाला तरी ऐकवा. उच्चार डिक्शनरी ॲपमध्ये ऐका, कारण इंग्रजीचं स्पेलिंग दगा देतं. त्यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही.

मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. "मॅडम, आज पुन्हा डेटर्सचाच विषय निघाला. दहा मिनिटं बोलले. एक आकडा चुकला, तो तिथेच सुधारला. अठराव्या प्रकरणावर आहे, आणि वही कालपासून सापडत नाहीये."