जुना इन्स्टॉलर हाती घेताना

आपण ऑपरेटिंग सिस्टीम बसवणाऱ्या जुन्या इन्स्टॉलरचे नूतनीकरण हाती घेतलेत, हे उत्तमच. मात्र सुरुवात नव्या रंगरूपापासून करू नका, कारण नवशिक्यांचा बराच वेळ त्यातच जातो आणि डिस्कचे विभाजन करणारा नाजूक भाग तसाच राहतो. आधी तो कोड वाचा, आणि प्रत्येक बदल व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) बायोस व यूईएफआय अशा संगणक सुरू होण्याच्या जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींनी तपासा. ईएसपी, म्हणजे यूईएफआयसाठी बूट फाइली ठेवणारे विभाजन, आधीपासून असेल, तर ते कधीही न विचारता फॉरमॅट करू नका. शेजारच्या सिस्टीमचा बूटलोडर (ती सुरू करणारा प्रोग्रॅम) तिथेच असतो (हा धडा मी स्वतःच्या लॅपटॉपवर शिकलो).

वितरणापूर्वी एवढे पाहा:

- आयएसओसोबत (डिस्क इमेज फाइलसोबत) एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा, आणि त्यावर जीपीजी ही डिजिटल स्वाक्षरी द्या.
- परवाना जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) असल्यास बदललेला सोर्स कोडही उपलब्ध करा.

सिक्युअर बूटचा (फक्त विश्वासार्ह स्वाक्षरी असलेलाच बूटलोडर चालू देणाऱ्या सोयीचा) विषय तूर्त बाजूला ठेवा.