‘माणसाला सगळ्याची सवय होते’ म्हणे, मग मला का होत नाही?

“ताई, अकरा महिने झाले, अजून रोज रडते. मला वेड लागत चाललंय का?”

बाई अजून खुर्चीत नीट बसल्याही नव्हत्या. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. उगवत्या सूर्याच्या चित्रावर एक वाक्य होतं, ‘माणूस हा सगळ्याची सवय होणारा प्राणी आहे.’ खाली नाव रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीचं. धाकट्या जावेनं पाठवलेलं. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एवढा मोठा लेखक म्हणतोय, म्हणजे सगळ्यांना जमतं ते आपल्यालाच जमत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

दुःखातल्या माणसाला सुविचार पाठवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पाठवणाऱ्याला माया असते, पण वाचणाऱ्याला आपण नापास झाल्यासारखं वाटतं.

आधी मी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप लागते का, जेवण जातं का, कामावर जाता का? जीव द्यावासा वाटतो का? हा शेवटचा प्रश्न मी कधीच आडून विचारत नाही. झोप मोडत होती, पण बाकी सगळं चालू होतं आणि मरणाचा विचार नव्हता. मुलाच्या ओढीनं रोजचं जगणंच ठप्प झालं असतं आणि कित्येक महिने तसंच राहिलं असतं, तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. नुसत्या रडण्याला मी आजार म्हणत नाही, हे त्यांना तिथंच सांगितलं.

मग आम्ही त्या वाक्याकडे वळलो. दस्तयेवस्कीनं ते सायबेरियातल्या तुरुंगावरच्या पुस्तकात लिहिलंय. १८५० ते १८५४ अशी चार वर्षं त्यानं स्वतः ओम्स्कच्या तुरुंगात, पायात बेड्या घेऊन सक्तमजुरी भोगली होती. तसल्या घाणीत, गर्दीत माणूस तगतो तरी कसा, याचं नवल त्या वाक्यात आहे. लेकरू गेलेल्या आईसाठी ते लिहिलेलंच नाही.

तशा आईसाठी त्यानं वेगळं लिहिलंय. मे १८७८ मध्ये त्याचा धाकटा मुलगा अल्योशा अपस्माराच्या झटक्यानं गेला. तीन वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम तीन महिने उरले होते. पुढच्याच महिन्यात दस्तयेवस्की ऑप्तिनाच्या मठात वृद्ध साधू अम्व्रोसींना भेटला. त्यांनी त्याच्या पत्नीसाठी सांगितलेले बरेच शब्द ‘द ब्रदर्स करामाझोव्ह’ या त्याच्या कादंबरीतल्या झोसिमा या वृद्ध साधूच्या तोंडी आले, असं पत्नी अॅनानंच आठवणींत लिहिलंय.

त्या कादंबरीत एक खेडूत बाई झोसिमाकडे येते. तिचा मुलगा त्याच वयाचा, नावही तेच. झोसिमा आधी आपण सगळे म्हणतो तेच म्हणतो, तो देवाजवळ आहे. ती म्हणते, माझा नवराही हेच सांगतो, आणि बघते तर स्वतःच रडत असतो. पण पोर आमच्याजवळ नाही ना! उराशी जपलेला त्याचा छोटासा पट्टा ती काढून दाखवते. तेव्हा झोसिमा वेगळं बोलू लागतो. मन शांत करायच्या मागे लागू नकोस, रड, असं सांगतो. हे रडणं पुष्कळ दिवस चालेल, म्हणतो. आणि विचारतो, त्याचं नाव काय होतं?

बाईंनी पर्स उघडली. चष्म्याचं घर काढलं. आतल्या चष्म्याच्या उजव्या काचेवर बोटाचा ठसा होता. “पुसत नाही मी,” त्या म्हणाल्या. मग हळूच, “घरात त्याचं नावच कुणी घेत नाही, ताई. मला त्रास होईल म्हणून.”

मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास फक्त त्याच्याबद्दल बोलल्या. त्याच्या शिट्टीबद्दल, उशिरा उठण्याबद्दल, एका भांडणाबद्दल.

निघताना मी यजमानांचं विचारलं.

“ते रडत नाहीत. पण सकाळी न्हाणीघरात नळ फार वेळ चालू असतो.”

झोसिमाही त्या बाईला नवऱ्याकडे परत धाडतो, हे मी त्यांना सांगितलं.

पुढच्या खेपेला दोघं आले. रडणं थांबलं नव्हतं. चष्मा आता त्याच्या टेबलावर ठेवलाय, म्हणाले. पर्समध्ये ठसा पुसला जाईल, ही भीती यजमानांना वाटली होती.