प्रजाती मोठी की जाती?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. सातवीच्या वर्गात सजीवांचं वर्गीकरण शिकवताना उतरंडीच्या शेवटी कुल, प्रजाती, जाती असा क्रम येतो. बातम्यांत मात्र ‘बेडकाची नवी प्रजाती सापडली’ असं छापून येतं. मुलं विचारतात, यातलं मोठं कोण?

वर्गात एकच उत्तर द्यावं : प्रजाती मोठी. मराठी शालेय परिभाषेत याबद्दल घोळ नाही. द्विनाम पद्धतीत, म्हणजे सजीवाला दोन शब्दांचं शास्त्रीय नाव देण्याच्या पद्धतीत, पहिलं नाव प्रजातीचं असतं, दुसरं त्यातली जाती सांगतं. पँथेरा टायग्रिस म्हणजे वाघ, पँथेरा लिओ म्हणजे सिंह, पँथेरा पार्डस म्हणजे बिबट्या. प्रजाती एक, जाती तीन. बातमीतला बेडूक बहुतेक वेळा नव्या जातीचाच असतो. नवी प्रजाती सापडली तर ती त्याहून बरीच मोठी गोष्ट.

मग बातमीदार प्रजाती का लिहितात? एक कारण हिंदी. तिकडच्या पाठ्यपुस्तकांत आपल्या प्रजातीला ‘वंश’ म्हणतात आणि आपल्या जातीला ‘जाति’. पण बोलण्या-लिहिण्यातल्या हिंदीत जातीच्या जागी सर्रास ‘प्रजाति’ येतं. तेच आपल्याकडे उतरलं. दुसरं कारण हा माझा तर्क : ‘जात’ म्हटलं की मराठी मनात आधी समाजातली जात उभी राहते, म्हणून लिहिणाऱ्याला ‘प्रजाती’ जास्त शास्त्रीय आणि सोवळं वाटतं. ‘प्र’ या उपसर्गावरून मोठं-लहान ठरवायला जाऊ नये. प्रपितामह आजोबांच्या वर असतो आणि प्रपौत्र नातवाच्या खाली.

खरी अडचण मला प्रजातीपेक्षा ‘जाती’त दिसते. बोलीभाषेत आपण ‘कुत्र्याच्या जाती’ म्हणतो आणि अल्सेशियन, पामेरियन, डॉबरमन अशी नावं घेतो. जीवशास्त्राच्या हिशेबात हे सगळे एकाच जातीचे. त्यांचा आपापसात संकर होतो आणि पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. घोडा आणि गाढव यांचं तसं नाही : प्रजाती एकच, एक्वस, जाती वेगळ्या, आणि त्यांच्यापासून झालेलं खेचर जवळजवळ नेहमीच वांझ निघतं. हा निकष सगळीकडे लागू पडत नाही (जीवाणूंचं काय करायचं?), पण सातवीला पुरेसा आहे.

मुलांना चकवायचंच असेल तर भाज्या घ्या. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल यांच्या ‘जाती’ किती, असं विचारा. उत्तर एक : ब्रासिका ओलेरासिया. माणसाने कुठे पानं, कुठे फुलोरा, कुठे खोड निवडत नेलं आणि एकाच जातीची इतकी रूपं झाली. मोहरी मात्र ब्रासिका जुन्सिया, म्हणजे प्रजाती तीच पण जाती वेगळी. पिकांच्या अशा रूपांना मराठीत ‘वाण’ हा चांगला, रुळलेला शब्द आहे. तो वर्गात मुद्दाम वापरावा. कुत्र्यांसाठी तितका सोपा शब्द सापडत नाही. मी ‘पैदाशीचा प्रकार’ म्हणतो, थोडं अवघडलेलं वाटलं तरी.

त्या शिक्षिकेने जाता जाता ‘पेशी’बद्दलही विचारलं आहे. हिंदी व्हिडिओ पाहून मुलं पेशीला स्नायू समजतात, कारण हिंदीत पेशी म्हणजे स्नायू आणि आपल्या पेशीला तिकडे कोशिका म्हणतात. हिंदीचा अर्थ इथे जुना आहे : सुश्रुतसंहितेत शरीरात 500 पेशी मोजल्या आहेत, त्या स्नायूच. आणि त्याच ग्रंथातला ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारे तंतू. मराठीतली ऊती (पेशींचा समूह) आणि हिंदीतलं ऊतक या जोडीत अर्थाची अडचण नाही, फक्त रूप बदलतं. उत्तरपत्रिकेत ‘ऊतक’ दिसलं तर गुण कापू नयेत. ‘पेशी’ऐवजी ‘स्नायू’ दिसलं तर मात्र कापावेत.