सोव्हिन्यॉन ब्लांक ही व्हाइट वाइन मराठवाडी जेवणासोबत जुळते का?

आपण विचारले आहे की नाशिकची सोव्हिन्यॉन ब्लांक लातूरकडच्या तिखट जेवणासोबत घ्यावी का, आणि घ्यायचीच झाली तर कशासोबत. माझ्या मते ती जरूर घ्यावी, फक्त रश्शापासून दूर ठेवावी. येसर आमटी किंवा छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया यांच्यासोबत ती घेतली, तर वाइनमधल्या अल्कोहोलमुळे मिरचीचा जाळ जिभेवर आणखी भडकतो आणि भाजलेल्या मसाल्याच्या वासाखाली तिचा नाजूक गंध पार दबून जातो.

हा गंध ओळखला की जोड्या सुचू लागतात. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधले. तिथल्या लुआर नदीच्या एका तीरावर सांसेर आणि समोरच्या तीरावर पुई-फ्युमे हे या वाइनचे नावाजलेले प्रदेश असून तेथील जमिनीत चुनखडी आणि गारगोटी आहे. कापलेल्या गवताचा आणि ढोबळी मिरचीचा जो हिरवा वास या वाइनला येतो, तो द्राक्षातल्याच पायराझिन नावाच्या द्रव्यांचा असतो. त्याला चकोतऱ्यासारखा फळाचा सुगंध आणि ठसठशीत आंबटपणा यांची साथ मिळते. सांसेरचे लोक ती शाविन्योल गावच्या शेळीच्या चीजसोबत घेतात, कारण दुधाचा आंबटपणा आणि वाइनचा आंबटपणा एकमेकांना सांभाळून घेतात. आपल्याकडे हेच काम घट्ट दही करते, म्हणून ज्वारीचे धपाटे आणि दही ही तिची सहज जमणारी जोडी आहे. पैठणच्या नाथसागरातला मासा कमी तिखटात तळून, वर लिंबू पिळून घेतला, तर तोही उत्तम लागतो.

मला स्वतःला मात्र तिच्यासोबत हुरडा सर्वांत आवडतो. आगटीत भाजलेल्या कोवळ्या ज्वारीची हिरवी गोडी आणि वाइनचा हिरवा वास एकाच जातीचे आहेत. लसणाची चटणी अगदी बोटाने चाटण्यापुरती ठेवावी आणि दही, मीठ व लिंबावर भर द्यावा.

ही वाइन नाशिकला का साधते, याचे कारण छाटणीत आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि द्राक्षे पावसाळी शरदाच्या तोंडावर उतरतात. आपल्या हवामानात वेलाला तशी झोप मिळत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून फळ कोरड्या हिवाळ्यात पिकवले जाते आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या नाशिकच्या थंड रात्रींमुळे फळातले आम्ल टिकते, आणि या वाइनचा ताजेपणा त्या आम्लावरच उभा असतो. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीने 2000 साली आपली पहिली वाइन बाजारात आणली, त्यात सोव्हिन्यॉन ब्लांकही होती. मराठवाड्यालाही द्राक्षे नवी नाहीत: दौलताबादच्या द्राक्षांची नोंद इब्न बतूताने चौदाव्या शतकात केलेली आहे, आणि जालन्याचे कडवंची गाव आज द्राक्षांसाठीच ओळखले जाते. परंतु ती खाण्याची द्राक्षे आहेत. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे आणि अधिक आंबट असते.

विकत घेताना बाटलीवरचे तोडणीचे वर्ष अवश्य पाहावे. ही वाइन मुरवण्यासाठी नसते. एक-दोन वर्षांत ती संपवावी, आणि उन्हाने तापणाऱ्या फळीवरची बाटली तर घेऊच नये. ती 8 ते 10 अंश सेल्सिअसला प्यावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेला पाहता पाहता कोमट होतो, म्हणून थोडीथोडीच ओतावी आणि बाटली बर्फ व पाणी एकत्र घातलेल्या भांड्यात ठेवावी, कारण नुसत्या बर्फापेक्षा बर्फाच्या पाण्यात ती लवकर गार होते. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते.