आतड्यातला ‘आशय’

पुण्यात जीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने विचारले आहे की, उंदरांच्या मोठ्या आतड्यातील गाठींवरचा लेख मराठीत आणताना ‘इंटेस्टायनल कन्टेन्ट्स’साठी तिने लिहिलेला ‘आतड्यातील आशय’ मार्गदर्शकांनी खोडला. मग तिथे काय लिहावे?

खोडला हे योग्यच झाले. कवितेचा आशय म्हणजे तिच्या आतला ऐवज. शरीराच्या परिभाषेत मात्र आशय म्हणजे साठवणीची जागा, जसे मूत्राशय, गर्भाशय किंवा आयुर्वेदातला पक्वाशय. म्हणजे भांड्यात भांडेच ठेवल्यासारखे झाले. बोलण्यातला ‘कोठा’ही तसाच, तो जड होतो, साफ होतो, पण आत असते त्याचे ते नाव नव्हे.

‘विष्ठा’ ही बाहेर पडल्यानंतरची. ‘मळ’ जवळचा आहे, पण त्यात टाकाऊपणा गृहीत असतो आणि या विषयात नेमके तेच चालत नाही, कारण आतड्यात जे असते तेच इथे काम करते. उदाहरण घ्या. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या फाटकाशी कुंडीत दिसणाऱ्या सायकस या शोभेच्या झाडात सायकेसिन नावाचे द्रव्य असते. ते साध्या उंदरांना खाऊ घातले की मोठ्या आतड्यात गाठी होतात. जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत मात्र ते जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते आणि गाठी होत नाहीत, कारण त्यातली साखर तोडून घातक भाग मोकळा करणारे विकर (एन्झाइम) आतड्यातल्या जिवाणूंकडे असते. (हे उंदीर म्हणजे रॅट, माउस नव्हेत; मराठी दोघांना एकाच नावाने हाक मारते, ही अडचण वेगळीच.) पित्ताम्लांचेही, म्हणजे पित्तातल्या आम्लांचेही, रूप जिवाणू पालटतात, आणि त्यातून झालेले डीऑक्सिकोलिक आम्ल, दुसऱ्या रसायनाने सुरुवात करून दिलेली असली तर, गाठींची वाढ पुढे रेटते. अशा घडामोडींच्या जागेला मळ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

शीर्षकात ‘आंत्रद्रव्य’ चालेल, मात्र घाईत वाचणारा ‘द्रव्य’चा ‘द्रव’ करतो. म्हणून पहिल्याच परिच्छेदात त्याची फोड करावी. ‘ट्यूमर’ला ‘गाठ’ पुरे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, आणि ‘अर्बुद’ सुश्रुतापासूनचा असला तरी आजचा वाचक त्यावर अडखळतो. तिचे पहिले वाक्य मी असे करीन: ‘मोठ्या आतड्यातून पुढे सरकणारे अन्नशेष, पित्ताम्ले आणि जिवाणू, म्हणजेच आंत्रद्रव्य, यांचा उंदरांतील गाठींच्या वाढीवर परिणाम होतो.’