सेमिनारमध्ये दहाव्या मिनिटालाच धागा सुटतो, काय करू?

प्रश्न : मॅडम, मी गणितात पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे. डिपार्टमेंटमध्ये दर आठवड्याला रिसर्च सेमिनार असतो आणि गाईडनी सांगितलंय की जायचंच. पहिली दहा मिनिटं कळतात, मग एकामागून एक व्याख्या येतात आणि मी नुसती उतरवत बसते. बाकीचे माना डोलावत असतात. आपल्याला हे झेपणारच नाही असं वाटायला लागलंय. जाणं बंद करून तो तास वाचनाला दिला तर?

उत्तर : बंद करू नकोस गं. माना डोलावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा धागाही विसाव्या मिनिटाला सुटलेला असतो, फक्त त्यांना त्याची सवय झालेली असते. टॉक हा प्रूफ तपासायला नसतोच मुळी. १९९३ च्या जूनमध्ये केंब्रिजला गणितज्ञ अँड्र्यू वाइल्सनी तीन लेक्चर दिली आणि तिसऱ्याच्या शेवटी फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध झाल्याचं सांगितलं, समोर त्या विषयातले मोठमोठे लोक बसले होते, तरी त्या प्रूफमधली फट नंतर कागदावर ओळ न ओळ तपासतानाच सापडली आणि ती बुजवायला १९९४ उजाडलं. मग तू एका तासात सगळं कळायला हवं असा हट्ट का धरतेस?

मीही पहिल्या वर्षी पानंच्या पानं उतरवायचे आणि घरी येऊन त्यातलं अक्षरही लागायचं नाही. एकदा एका टॉकमध्ये कम्युटेटर सबग्रुपवरचं, म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलल्याने ग्रुपमध्ये जो फरक पडतो तो टिपणाऱ्या भागावरचं, एक प्रमेय चाललं होतं, फळा भरला होता, मी हात वर करून विचारलं की ग्रुप अबेलियन असेल, म्हणजे क्रम बदलून काही फरकच पडत नसेल, तर हे काय सांगतं? स्पीकर थांबले, फळ्याचा डावा कोपरा पुसला आणि म्हणाले की मग कम्युटेटर सबग्रुपमध्ये एकटा आयडेंटिटीच उरतो, म्हणजे ती केस रिकामीच, त्यापेक्षा एस-थ्री घेऊ, म्हणजे तीन वस्तूंच्या जागा बदलण्याच्या सगळ्या पद्धतींचा ग्रुप. त्यात सहा घटक, कम्युटेटर सबग्रुप म्हणजे त्यातलाच लहान ग्रुप ए-थ्री, त्याचे तीन, भागाकाराच्या ग्रुपमध्ये उरले दोन, आणि तो अबेलियन! त्या दोन मिनिटांत मला जे कळलं ते आधीच्या अर्ध्या तासात कळलं नव्हतं, आणि टॉक संपल्यावर एक सीनियर येऊन म्हणाला, बरं झालं विचारलंस.

उदाहरण मागण्यात कमीपणा अजिबात नाही. मॉस्कोत १९४३ पासून कित्येक दशकं गणितज्ञ गेलफांडचा सेमिनार चालला, तिथे ते स्पीकरला मधेच अडवायचे आणि सोपं उदाहरण दे म्हणायचे.

आता वहीचं. सगळं उतरवणं सोड. गणितज्ञ रवी वाकिल आपल्या विद्यार्थ्यांना सांगतात की टॉकमधून फक्त तीन गोष्टी घेऊन बाहेर पडा. एखादी व्याख्या, एखादं उदाहरण, एखादा प्रश्न, काहीही चालेल, पण तीनच. मी हे करून बघितलंय आणि मनापासून सांगते, याने ऐकण्याची पद्धतच बदलते, कारण आपण आपोआप निवडायला लागतो. आणि वर्षभराने तोच शब्द तिसऱ्या टॉकमध्ये कानावर पडला की एकदम ओळखीचा वाटतो, हे वाचनाने तितक्या सहज होत नाही. एक मात्र बघ, सेमिनार बहुतेक एकाच शाखेतल्या लोकांसाठी असतो आणि कलोक्वियम सगळ्या डिपार्टमेंटसाठी, त्यामुळे कलोक्वियम तर चुकवूच नकोस, आणि त्याच्या आधीचा चहाही नाही, तिथे स्पीकरला निवांत गाठून विचारता येतं की या प्रश्नात तुम्ही पडलात कसे.

प्रश्न : मला पहिला टॉक द्यायचाय, पन्नास मिनिटांचा. किती मटेरियल घेऊ?

उत्तर : आत्ता ठरवलंय त्याच्या निम्मं. पहिली पंधरा मिनिटं एका उदाहरणावर घाल, ज्यात प्रमेय हाताने करून दाखवता येईल, आणि प्रमेय फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून शेवटपर्यंत पुसू नकोस, कारण उशिरा आलेला आणि मधे हरवलेला माणूस तिथेच बघतो. आधी एकदा मित्रासमोर उभं राहून बोल, मनात नाही, मोठ्याने. आणि वेळ कमी पडला तर कुठली प्रूफ गाळायची त्यावर आदल्या दिवशीच पेन्सिलने खूण करून ठेव.