खाण बंद झाली, पण आमचं वावर कोण नीट करणार?

प्रश्न : मी वणी तालुक्यातला शेतकरी. आमची साडेतीन एकर जमीन 1996 मध्ये कोळशाच्या खुल्या खाणीसाठी गेली, मोबदलाही मिळाला. आता तिथं कोळसा काढणं थांबलंय. खाणीला लागून आमचं आणखी चार एकर वावर आहे, सातबारा आईच्या आणि माझ्या नावावर. जुलै 2022 मध्ये ओबीच्या (कोळशावरची खोदून काढलेली माती-दगड) ढिगाऱ्यावरची माती वाहून आली, नाला बुजला, वावरात थर साचला. तेव्हापासून दर पावसाळ्यात थोडी थोडी येतेच. दीड एकरात पऱ्हाटी (कपाशी) उभी राहत नाही. कंपनीनं पहिल्या वर्षी पिकाचे थोडे पैसे दिले. आता म्हणते, तो महापूर होता. गेलेली जमीन परत मिळेल का? आणि उरलेल्या वावराचं काय?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. सरकारी कंपनीच्या खाणीसाठी त्या काळात जमिनी बहुतेक कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, 1957 खाली घेतल्या जात. तुमची अधिसूचना काढून एकदा खात्री करा. या कायद्याच्या कलम 10 नुसार जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे जाते आणि कलम 11 नं ती कंपनीकडे येते. कोळसा संपल्यावर ती मूळ मालकाला परत द्यावी, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. न वापरलेली जमीन पाच वर्षांनी परत मिळते, असं गावोगाव सांगितलं जातं. ते 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 101. तुमच्या जमिनीतून कोळसा निघालेला आहे, त्यामुळे ते कलम तुमच्या कामाचं नाही. एप्रिल 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं अशा खोदून झालेल्या जमिनींचं धोरण मंजूर केलं, त्यातही मालकी कंपनीचीच ठेवली आहे. या साडेतीन एकरांपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका.

तुमची खरी ताकद उरलेल्या चार एकरांत आहे, आणि तिथं घड्याळ चालू आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, 2010 च्या कलम 15 खाली फक्त भरपाई नाही, तर बिघडलेली मालमत्ता पूर्ववत करून देण्याचा आदेशही मागता येतो. मुदत पाच वर्षांची, आणि ती नुकसानीचं कारण ‘प्रथम’ घडलं त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तुमची मुदत जुलै 2027 पर्यंत. पुढचे साठ दिवस सबळ कारण दाखवलं तरच मिळतात. माती दरवर्षी येते म्हणून दरवर्षी नवी मुदत मिळेल, या भरवशावर राहू नका. महाराष्ट्रासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. याच मागणीसाठी दिवाणी दावा लावू नका, याच कायद्याचं कलम 29 आडवं येतं, अशा मागण्या दिवाणी न्यायालयाला ऐकता येत नाहीत.

अर्जात नुसता रुपयांचा आकडा लिहून थांबू नका, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. पैसे दोन हंगामांत संपतात, वावर मात्र तसंच पडीक राहतं. साचलेला थर काढून नेणं, वर सुपीक माती पसरणं, नाला खोल करणं, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत आणि चर बांधणं, आणि वावर पुन्हा पिकेपर्यंतच्या प्रत्येक हंगामाची भरपाई, असं सगळं मागा. भरपाईच्या रकमेवर एक टक्का शुल्क लागतं, किमान 1,000 रुपये. पाच लाख मागितले तर 5,000.

‘महापूर’ या उत्तराचा बंदोबस्त वावरातच होतो. खराब दीड एकरात दोन फूट खोल खड्डा खणा. वर ओबीची माती, दगडाचे तुकडे, कोळशाचा चुरा आणि खाली आपली काळी माती, असे थर वेगळे दिसले तर तो नदीचा गाळ नाही हे कोणालाही कळेल. टेप लावून फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहाय्यकांना बोलावून पंचनामा करून घ्या, दोन्ही थरांचे नमुने सरकारी मृद परीक्षण प्रयोगशाळेत द्या. नांगर त्यानंतरच घाला. एकदा थर मिसळले की पुरावा गेला.

सोबत माहिती अधिकारात (शुल्क दहा रुपये, उत्तराला तीस दिवस) खाणीच्या पर्यावरण मंजुरीचं पत्र, दर सहा महिन्यांचे अनुपालन (अटी पाळल्याचे) अहवाल आणि खाण बंद करण्याचा आराखडा मागवा. वरची माती वेगळी साठवणं, ढिगाऱ्याचा उतार मर्यादेत ठेवणं, भोवती चर आणि गाळ अडवणारी तळी करणं, या अटी अशा पत्रांत असतात. 8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं की, खाणकामानंतर गवत लावून जमीन चारा-झाडोऱ्यायोग्य करण्याची अट घाला. ती केवळ खाणीच्या हद्दीपुरती नाही, खाणकामानं बिघडलेल्या इतर क्षेत्रालाही ती आहे. तुमचं वावर नेमकं तेच ‘इतर क्षेत्र’. तुमच्या खाणीच्या परवानगीत ही अट आली आहे का, ते पाहा.

कंपनी निधी नाही म्हणाली तर ऐकू नका. 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनी खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये (तेव्हाच्या किमतीनं) हा दर धरून खाण बंद करण्याचा खर्च एस्क्रो खात्यात (कंपनीला परस्पर काढता येत नाही असं राखीव खातं) टाकणं बंधनकारक केलं. ते पैसे कोळसा नियंत्रकांच्या (केंद्राच्या कोळसा मंत्रालयाचे अधिकारी) संमतीशिवाय सुटत नाहीत. तुमच्या ढिगाऱ्याची लेखी तक्रार, फोटोंसह, त्यांच्याकडे आत्ताच पाठवा. पैसे सुटल्यावर तिला फारसा अर्थ उरत नाही.

नाला गेल्या सहा महिन्यांत पुन्हा बुजला असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली, पाण्याच्या वाटेतला बेकायदा अडथळा काढण्यासाठी, अर्ज करा. ढिगारा कायदेशीर परवानगीनं टाकलाय असं कंपनी म्हणेल. तेव्हा मंजुरीच्या अटी पुढे ठेवा. हा मार्ग जलद आहे, पण फक्त पाण्याच्या वाटेपुरता.

पहिल्या वर्षी पैसे घेताना कशावर सही केलीत? पावतीवर ‘पिकाच्या नुकसानीपोटी’ असेल तर मातीचा हक्क शाबूत आहे. ‘संपूर्ण व अंतिम’ लिहिलं असलं तरी नंतरच्या वर्षांत आलेल्या मातीचा निपटारा त्यात झाला असं म्हणता येणार नाही. यापुढे कुठल्याही पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारले’ असं लिहूनच सही करा.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेलच. सातबारावर आई आहेत ना? अर्जात त्यांनाही ठेवा. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळतं. वणीच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे आईंचं आधार आणि सातबारा घेऊन जा, आणि दाद पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात मागायची आहे हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.